‘अजून तेच चालू आहे’ असं बिनधास्त म्हणता आलं पाहिजे

प्रश्न: आमचा २३ जणांचा वाचनगट आहे. भेटी क्वचित होतात, बोलणं बहुतेक व्हॉट्सॲपवरच. दर रविवारी सकाळी मी ‘सध्या काय वाचताय?’ असं विचारते. सुरुवातीला सगळे उत्साहाने लिहायचे. आता चार-पाच जण लिहितात, तेही ‘अमुक पुस्तक, छान आहे, नक्की वाचा’ एवढंच. बाकीचे अंगठा दाखवून मोकळे होतात. एक सदस्य मात्र दिवसाआड लांबलचक परीक्षण टाकतात. मध्यंतरी कोणीतरी एका रहस्यकथेचा शेवट फोडला, त्यावरून वाजलं आणि दोघी गट सोडून गेल्या. शिवाय पुस्तकांच्या पीडीएफ फिरू लागल्या आहेत. हा प्रश्न विचारणंच बंद करू का? – एक संयोजक

उत्तर: बंद करू नका, बदला. मूळ दुखणं दर रविवारच्या त्या प्रश्नातच आहे, आणि साधा हिशेब केला तर ते लगेच दिसतं. कामधंदा सांभाळून वाचणारा माणूस रोज १५ पानं वाचतो आणि आठवड्यातले ५ दिवस त्याला ते जमतं असं धरा. आठवड्याला ७५ पानं झाली. ३०० पानांची कादंबरी त्याला ४ आठवडे पुरते. म्हणजे त्याने लागोपाठ ४ रविवार एकाच पुस्तकाचं नाव लिहायचं. पहिल्या रविवारी तो हौसेने लिहितो. दुसऱ्या रविवारी ‘अजून तेच’ म्हणतो. तिसऱ्या रविवारी अंगठा, चौथ्या रविवारी तोही नाही. त्याचं वाचन नीट चालू असतं, पण तुमच्या प्रश्नाला द्यायला त्याच्याकडे नवीन उत्तर नसतं. त्यात भरीला कोणीतरी ‘या आठवड्यात दोन संपवली’ असं लिहिलं, की तो आणखीच आत जातो.

त्यामुळे दोन गोष्टी बदला. विचारायचं पंधरा दिवसांतून एकदा, आणि प्रश्न असा हवा की पुस्तक तेच असलं तरी उत्तर बदलेल: ‘कुठवर आलात आणि तिथे काय चाललंय?’

पुस्तक संपवलेला माणूस निकाल देतो, आणि निकालावर बोलण्यासारखं फार काही उरत नाही. ‘छान आहे, नक्की वाचा’ याला दुसरा काय उत्तर देणार? ‘हो, वाचतो’ म्हणेल आणि विसरेल. अर्ध्यात असलेल्या माणसाकडे मात्र शंका असतात, अंदाज असतात, चिडचिड असते. दोन प्रकरणांपूर्वी आलेलं एखादं पात्र कोण होतं हे आठवत नसतं. या सगळ्यावर बोलता येतं. ते पुस्तक न वाचलेल्यालाही विचारता येतं, ‘मग ते पात्र परत आलं का?’ पुढच्या फेरीत त्या प्रश्नाला उत्तर मिळतं आणि एकच पुस्तक दोन-तीन फेऱ्या चर्चेत राहतं.

मोकळं सोडलं तर लोक पुन्हा ‘छान आहे’वरच येतात, म्हणून एक छोटा साचा द्या. चार ओळी पुरेत:

पुस्तक, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक
कुठवर: एकूण इतक्यांपैकी इतकी प्रकरणं
आत्ता काय चाललंय किंवा कुठे अडलंय
पुढे वाचणार, थांबवलंय की सोडलं

तिसरी ओळ महत्त्वाची आहे आणि लोकांना सर्वांत अवघड तीच जाते. ती कशी असावी हे नियम सांगून समजत नाही, नमुना दाखवावा लागतो. पहिल्या फेरीत सगळ्यांत आधी तुम्हीच लिहा, आणि मुद्दाम साधं लिहा. उदाहरणार्थ: ‘मधमाश्यांवरचं पुस्तक, अनुवादित. ११ पैकी ४ प्रकरणं. पोळ्याला अन्नाची दिशा नाचून कशी सांगतात ते प्रकरण दोनदा वाचलं. आकृत्या फोनवर दिसतच नाहीत, छापील प्रत मिळवायला हवी. पुढे वाचणार.’ यात पुस्तकाचं कौतुक केलेलं नाही. पण वाचणाऱ्याला पुस्तक कशाबद्दल आहे ते कळलं, अवघड भाग कोणता ते कळलं, आणि फोनवर घेऊ नये हेही कळलं. ‘अप्रतिम’ या शब्दाने यातलं काहीच कळलं नसतं. तुम्ही स्वतः जाडजूड, गंभीर पुस्तकाने सुरुवात केलीत तर हलकंफुलकं वाचणारे गप्प बसतील, हेही ध्यानात ठेवा. पाककृतींचं पुस्तक, मुलाला वाचून दाखवलेलं चित्रपुस्तक, कामासाठी चाळलेली माहितीपुस्तिका, सगळं चालतं हे तुमच्या पहिल्या नोंदीतूनच दिसलं पाहिजे.

‘कुठवर’ या ओळीत पान क्रमांक घेऊ नका. एकाकडे पुठ्ठा बांधणीची जुनी आवृत्ती, दुसऱ्याकडे लहान आकाराची नवी, तिसऱ्याच्या ई-रीडरवर अक्षराचा आकार वाढवला की पडद्यागणिक मजकूरच बदलतो. पान १४० म्हणजे तिघांची तीन वेगळी ठिकाणं. काही ई-पुस्तकांत छापील पानांचे क्रमांक दिसण्याची सोय असते, पण सगळ्यांत नसते. टक्केवारीही फसवते, विशेषतः कादंबरी नसलेल्या पुस्तकांत. शेवटी टिपा, संदर्भ आणि सूची असली तर मुख्य मजकूर ७०-७५ टक्क्यांवरच संपू शकतो. मग ‘७० टक्के झालंय’ म्हणणारा खरं तर संपवत आलेला असतो. ऐकून वाचणाऱ्यांची अडचण वेगळी. ‘३ तास उरलेत’ हे ऐकण्याच्या वेगानुसार बदलतं, आणि ऑडिओत प्रस्तावना हाच पहिला भाग धरलेला असला तर भाग ६ म्हणजे पुस्तकातलं प्रकरण ५ निघतं. म्हणून सगळ्यांसाठी एकच माप ठेवा: प्रकरणाचा क्रमांक, जमल्यास शीर्षकासह. प्रकरणंच नसतील तर ‘साधारण तिसरा हिस्सा’ असं लिहिलं तरी भागतं.

अनुवादकाचं नाव मात्र आग्रहाने लिहायला लावा. एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद असतात, त्यातला एखादा संक्षिप्त असतो, आणि मग एक जण ‘किती ओघवतं आहे’ म्हणतो तर दुसरा ‘भाषा बोजड आहे’ म्हणून भांडतो. दोघंही बरोबर असतात, फक्त वेगवेगळा मजकूर वाचत असतात. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला अनुवादक, आवृत्ती, वर्ष आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) सापडतो. ‘संक्षिप्त’ किंवा ‘रूपांतर’ असा उल्लेख असेल तर बहुधा तिथेच किंवा शीर्षकाखाली असतो. आयएसबीएन २००७ पासून १३ अंकी झाला, त्याआधी १० अंकी होता. हा क्रमांक विशिष्ट आवृत्तीचा असतो, त्यामुळे कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगवेगळे असतात. दोघा-तिघांनी मिळून एकच पुस्तक वाचायचं ठरवलं तरच त्याचा उपयोग. एरवी नोंदीत तो मागू नका, लोक कंटाळतात.

आता शेवट फोडण्याबद्दल. अर्ध्यात असलेल्यांना विचारायला लागलात की हा त्रास आपोआप निम्मा होतो, कारण जो शेवटापर्यंत पोहोचलाच नाही तो शेवट कसा सांगणार? फोडतात ते बहुतेक संपवलेले, आणि तेही दुष्टपणाने नाही. ‘शेवटी असा धक्का बसतो ना!’ असं कोणी उत्साहात लिहिलं, की त्यानंतर तिथला वाचक प्रत्येक पानावर धक्क्याची वाट बघत बसतो. काय घडतं ते सांगितलं नाही, पण काहीतरी घडणार आहे हे सांगून टाकलं. कोणी अंदाज बांधला की त्याखाली डोळा मिचकावणारं चित्र टाकणं किंवा ‘कळेल, कळेल’ म्हणणं हाही त्यातलाच प्रकार. गटाला हे स्पष्ट सांगा, कारण बहुतेकांच्या ते लक्षातच आलेलं नसतं.

नियम एकच ठेवा: एखाद्याने ‘प्रकरण ४’ लिहिलंय तर त्याच्याशी प्रकरण ४ पर्यंतचंच बोलायचं. संपवलेल्यांनी प्रश्न विचारावेत, उत्तरं देऊ नयेत. ज्यांना शेवटावर बोलायचंच आहे त्यांनी आपापसात वेगळं बोलावं. संदेश लांब लिहून खाली लपवण्याची युक्ती व्हॉट्सॲपवर अर्धवटच चालते. मोठा मजकूर ‘अधिक वाचा’खाली दुमडला जातो खरा, पण सुरुवातीच्या ओळी सूचनेत दिसतात. कोणी तो संदेश उद्धृत करून उत्तर दिलं की पुन्हा तोच मजकूर डोळ्यांसमोर. टेलिग्राममध्ये मजकूर झाकून पाठवण्याची सोय आहे, बोट लावल्याशिवाय तो वाचता येत नाही. पण निव्वळ तेवढ्यासाठी २३ जणांना दुसरीकडे हलवू नका, निम्मे वाटेतच गळतील. संदेशाच्या पहिल्या ओळीत पुस्तकाचं नाव आणि ‘प्रकरण ९ पर्यंत’ एवढं लिहून दुसऱ्या ओळीपासून मजकूर सुरू करायला सांगा. ज्याला नको तो पुढे जाईल. इतिहास, विज्ञान, चरित्र यांना हा नियम लावायची गरज नाही. एखादी व्यक्ती कधी वारली हे सगळ्या जगाला माहीत असतं.

चौथ्या ओळीतला ‘सोडलं’ हा पर्याय तुम्हाला उगाच नकारात्मक वाटेल. माझ्या मते गटात सर्वांत उपयोगी नोंदी त्याच असतात, फक्त कारण हवं. ‘कंटाळवाणं’ हे कारण नव्हे. अक्षर बारीक, अनुवाद अडखळतो, पात्रं इतकी की यादी करावी लागते, विषय सध्या झेपत नाही, पहिली ५० पानं फक्त पार्श्वभूमी, असं काहीतरी नेमकं लिहायला सांगा. मग दुसरा कोणीतरी सांगतो, ‘पार्श्वभूमी वगळून तिसऱ्या प्रकरणापासून सुरू कर, काही अडत नाही.’ किंवा उलट, ज्याला पार्श्वभूमीचीच आवड आहे तो ते पुस्तक मागून घेतो. ‘थांबवलंय’ आणि ‘सोडलं’ यांत फरक ठेवा. थांबवलेल्याला दोन-तीन फेऱ्यांनी सहज विचारता येतं, सोडलेल्याला विचारायचं नाही. एका वेळी तीन-चार पुस्तकं वाचणाऱ्यांनी फेरीला एकच निवडावं. नाहीतर त्यांची नोंद म्हणजे नुसती नावांची यादी होते आणि यादीवर कोणी बोलत नाही.

किती पुस्तकं झाली याची गटात मोजदाद करू नका. वार्षिक लक्ष्य, क्रमवारी, शाबासकीची चित्रं, काहीच नको. आकडे दिसायला लागले की लोक पातळ पुस्तकं निवडतात, ६०० पानांच्या पुस्तकाला हात लावत नाहीत आणि हळू वाचणारा बाहेर पडतो. ज्यांना स्वतःची मोजदाद ठेवायची हौस आहे त्यांच्यासाठी गुडरीड्स किंवा स्टोरीग्राफ ही वाचनाची नोंद ठेवण्याची संकेतस्थळं आहेत, तिथे खुशाल ठेवू द्या.

तुमच्या परीक्षण-लेखक सदस्यांना गटात टोकू नका. असा माणूस गटाचा शत्रू नसतो, उलट गट जिवंत ठेवणाऱ्यांत तोच असतो, पण त्याच्या लांबीमुळे चार ओळी लिहिणाऱ्याला आपलं लिहिणं किरकोळ वाटायला लागतं. त्यांना खासगीत लिहा: ‘तुमची परीक्षणं मी जपून ठेवते. फेरीत मात्र सगळ्यांसारख्या चार ओळी लिहाल का? सविस्तर लेखन फेरी संपल्यावर टाका, म्हणजे ते निवांत वाचलं जाईल.’ शब्दमर्यादा सर्वांसाठी एकच, ८० शब्द. त्यांच्यापुरती वेगळी नको.

गप्प असणाऱ्यांचं काय? त्यांना नाव घेऊन हाक मारू नका. ‘तुम्ही बरेच दिवस काही लिहिलं नाही’ हे वाक्य वाचून परत आलेला माणूस दुर्मीळ. त्याऐवजी फेरीच्या दिवशी एक मतचाचणी टाका, चार पर्यायांची: वाचतोय, अडलोय, सोडलं, सध्या काही नाही. बोट लावलं की झालं. कोणी काय निवडलं ते तुम्हाला दिसतं. ‘अडलोय’ म्हणणाऱ्याला खासगीत एक ओळ लिहून विचारा, कुठे अडलंय? त्याने उत्तर दिलं की ‘हे गटात टाकू का?’ म्हणा. बहुतेक वेळा तोच टाकतो. ‘सध्या काही नाही’ हा पर्याय ठेवाच. तो नसला की वाचन बंद असलेला माणूस खोटं तरी लिहितो, नाहीतर गट तरी सोडतो.

पीडीएफ थांबवाच, यात दोन मतं नकोत. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क सुरक्षित राहतात, अनेक देशांत त्याहून जास्त. गटात फिरणाऱ्या बहुतेक स्कॅन प्रती या मुदतीच्या आतल्याच असतात. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा, त्यामुळे मूळ पुस्तक जुनं असलं तरी अनुवादाची प्रत मोकळी होत नाही. फाइल चालणार नाही, दुवा चालेल: लेखकाने किंवा प्रकाशकाने स्वतः दिलेला, किंवा हक्कमुक्त पुस्तकांच्या संग्रहाचा. चर्चेसाठी एखादा परिच्छेद टाइप करून टाकायला हरकत नाही, अख्ख्या प्रकरणाचे फोटो नकोत. टाकणाऱ्याला चारचौघांत खडसावू नका. ॲडमिनला इतरांचा संदेश सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. तो काढा आणि खासगीत कारण कळवा. छापील प्रत उसनी देण्याची देवाणघेवाण मात्र जरूर वाढवा, त्यात कोणाचंच नुकसान नाही.

नोंदी चॅटमध्येच राहिल्या तर महिन्याभराने सापडत नाहीत, आणि संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर उरतच नाहीत. एक साधी शीट ठेवा. रकाने: तारीख, वाचक, पुस्तक, लेखक-अनुवादक, छापील की ई की ऑडिओ, कुठवर, एक ओळ, स्थिती, प्रत उसनी देता येईल का. ‘ज्याने त्याने आपली नोंद भरा’ असं सांगितलंत तर दुसऱ्या फेरीलाच शीट ओस पडेल. दर फेरीला एकाने चॅटमधून नोंदी उचलून भराव्यात, ८-१० नोंदींना फार वेळ लागत नाही. हे काम पाळीपाळीने फिरवा. शीट पाहण्याची परवानगी दुवा असलेल्या कोणालाही न देता फक्त सदस्यांना द्या. माणूस आत्ता काय वाचतोय त्यावरून त्याच्या घरात काय चाललंय याचा अंदाज बांधता येतो. आजारपण, घटस्फोट, कर्ज, मुलाचं अपंगत्व यांवरची पुस्तकं लोक सहसा गरज पडल्यावरच हातात घेतात. म्हणून ‘एक पुस्तक चालू आहे, नाव नंतर सांगेन’ ही पूर्ण नोंद मानायची आणि त्यावर कोणी खोदून विचारायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा.

गट सोडून गेलेल्या दोघींना आजच बोलावू नका. नवीन पद्धतीने दोन फेऱ्या होऊ द्या, मग शेवट न फोडण्याचा नियम आणि एखादी बरी नोंद पाठवून विचारा. परत यायचं की नाही ते त्या ठरवतील.

पहिल्या फेरीचा संदेश साधारण असा टाका: ‘आजपासून दर पंधरा दिवसांनी. पुस्तक कोणतं, किती प्रकरणं झाली, आत्ता काय चाललंय किंवा कुठे अडलंय, पुढे वाचणार की सोडलं. ८० शब्दांपर्यंत. मागच्याच फेरीचं पुस्तक चालू असेल तर उत्तमच, फक्त पुढचं सांगा. फेरी बुधवारी रात्री संपेल.’ हा संदेश ७ दिवसांसाठी पिन करा, साचा वेगळा ३० दिवसांसाठी. फेरी संपल्यावर संदेशाची पिन लगेच काढा, नाहीतर उशिरा आलेली एखादी नोंद एकटी पडते आणि तिला उत्तर देणारं कोणी नसतं. उशीर झालेल्याला पुढच्या फेरीत पहिला नंबर द्या.